जुन्या टॅटूवर चेहरा काढायचा, तर अंधार कुठे ठेवायचा

उजव्या दंडावर, खांदा आणि कोपर यांच्या साधारण मध्यावर, चार अक्षरी नाव होतं. देवनागरीत, वर जाड शिरोरेघ, शेवटी छोटासा बदाम. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत, पाळण्याशेजारी टेबल मांडून बसलेल्या मशीनवाल्याकडून दहा मिनिटांत काढून घेतलेलं. आता ते हिरवट-निळं पडलं होतं आणि अक्षरांच्या कडा पसरल्या होत्या. ज्याच्या दंडावर ते होतं त्याला त्या जागी वडिलांचा चेहरा हवा होता. वडील आदल्या वर्षी वारले होते. त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला. तो भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो होता: काचेवर कुंकवाचा टिळा, हार अर्ध्या कपाळावर आलेला, कोपऱ्यात ट्यूबलाइटची पांढरी तिरीप. डोक्यावर पांढरी गांधी टोपी, अंगात पांढरा सदरा.

"दादा, नाव दिसायला नको. आणि आबा आबांसारखेच दिसले पाहिजेत."

माझ्याकडे कव्हर-अपसाठी येणारी जवळजवळ प्रत्येक व्यक्ती हेच मागते. जुनं झाकायचं आणि त्यावर ओळखीचा चेहरा, तोही रंगीत नाही, काळ्या-करड्या छटांमध्ये. ऐकायला ही एकच मागणी वाटते, पण तिच्यात दोन मागण्या आहेत आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. झाकायला गडद लागतं. चेहऱ्याला उजेड लागतो. हा पेच समजला की पुढचं सगळं आपोआप समजतं, म्हणून आधी तोच नीट सांगतो.

भिंतीवर जुना रंग असेल तर नव्या रंगाचे दोन हात मारले की खालचा दिसेनासा होतो. टॅटूची शाई तशी वागत नाही. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर बहुतेक ठिकाणी एक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका पातळ असतो आणि तो सतत झडून नवा येत असतो. शाई तिथे टिकत नाही. सुई त्याच्या खालच्या थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल जाते. तिथे शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी शाईचे कण गिळतात, पण त्यांना ते पचवता येत नाहीत. कण पेशींच्या पोटातच राहतात. फ्रान्समधल्या मार्सेय इथल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं की अशी पेशी मेली की कण मोकळे होतात आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तेच कण पुन्हा गिळते. टॅटू वर्षानुवर्षं का टिकतो याचं हे उत्तर आहे.

आता नवी शाई घातली तर ती कुठे जाणार? त्याच थरात, त्याच कणांच्या शेजारी. जुनं खाली आणि नवं वर, असा प्रकारच नसतो. दोन्ही एकमेकांत मिसळून बसतात आणि आपण वरच्या पातळ त्वचेतून त्या मिश्रणाकडे बघतो. कोऱ्या चहात आणखी पत्ती टाकून तो कडक करता येतो, पण आधी उतरलेला रंग परत काढता येत नाही. कव्हर-अपमध्ये अगदी हेच होतं. आहे त्यापेक्षा गडद करता येतं, उजळ करता येत नाही.

"मग वरून पांढरी शाई मारा ना," असं हमखास कुणीतरी म्हणतं. पांढरी शाई म्हणजे बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड. ती जुन्या काळ्यावर घातली की राखाडी, दुधाळ डाग तयार होतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर ती बरी झाल्यावर पिवळसर दिसते, कधी कधी तर जुन्या व्रणासारखी. मी पांढरी वापरतो ती डोळ्यातल्या चमकेच्या ठिपक्यापुरती, आणि तीही जिथे खाली जुनी शाई नाही अशाच जागी.

जाता जाता, काळी शाई हिरवट का दिसते तेही सांगतो, कारण "त्याने हलकी शाई वापरली" अशी तक्रार खूप जण करतात. कधी ती खरीही असते. पण आपल्या आज्यांचं गोंदण काजळीचं असायचं, आणि तरी आपण त्याला हिरवं गोंदणच म्हणतो. काळे कण त्वचेत खोल असले की वरच्या थरांतून परत येणाऱ्या उजेडात निळ्या-हिरव्या बाजूचा उजेड जास्त असतो, त्यामुळे काळं निळसर-हिरवट भासतं. मनगटावरच्या शिरा निळ्या दिसतात त्याचं कारणही बरंचसं हेच.

आता चेहऱ्याकडे येऊ. काळ्या-करड्या टॅटूत रंग एकच, काळा. तो पाण्याने पातळ करून करड्या छटा मिळवायच्या. ही शैली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या तुरुंगांत आणि पूर्व लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांमध्ये घडली. तुरुंगात रंग मिळायचे नाहीत. कॅसेट प्लेअरची मोटर, गिटारच्या तारेची सुई आणि काजळीची शाई, एवढ्यावर काम चालायचं. एकाच सुईने, विरळ शाईने, हळूहळू सावली चढवत ते कैदी आईचे, बायकोचे, मेरीमातेचे चेहरे काढायचे. १९७५ मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी पूर्व लॉस एंजेलिसमध्ये 'गुड टाइम चार्लीज टॅटूलँड' सुरू केलं आणि ही बारीक सुईची पद्धत दुकानात आली. तुरुंगातच हात तयार झालेला फ्रेडी नेग्रेटे १९७७ मध्ये तिथे रुजू झाला. आज पुण्यात किंवा नाशकात कुणी दंडावर आईचा चेहरा काढून घेतं, त्या हातकामाचं मूळ तिथे आहे.

या शैलीत पांढरा रंग नसतो, उजेड म्हणजे मोकळी सोडलेली कातडी. कपाळाचा मधला भाग, नाकाचा दांडा, गालाचं हाड, खालच्या ओठाचा फुगीर भाग, इथे सुई जवळजवळ लागतच नाही. ज्यांनी जलरंग हाताळलेत त्यांना हे लगेच कळेल. जलरंगात उजेड कागदाचा असतो, रंगाचा नसतो. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हातात समई घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र, जे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि पुष्कळ लोक राजा रविवर्म्याचं समजतात, ते एकदा नीट बघा. चेहरा उजळलाय असं वाटतं, कारण त्याच्या आजूबाजूला सगळा अंधार आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी मशीन हातात देण्याआधी ते चित्र दाखवतो.

म्हणजे पेच असा: चेहऱ्याच्या ज्या जागा मोकळ्या सोडायला हव्यात, तिथेच जुनी शाई असेल तर ती मोकळी जागा कधीच मिळणार नाही. गालाच्या हाडावरून जुन्या नावातल्या 'सु'चा उकार जाणार, आणि कितीही कसबी हात असला तरी तो जाणारच. मग झाकण्यासाठी गाल काळा करावा लागतो, त्याला जुळवायला दुसराही गाल गडद करावा लागतो, आणि शेवटी माणूस ओळखू येत नाही. असे चेहरे मी खूप पाहिलेत. लोक ते घेऊन येतात आणि विचारतात, "हे दुरुस्त होईल का?" बहुतेकदा माझ्याकडे देण्यासारखं उत्तर नसतं.

म्हणून कव्हर-अप पोर्ट्रेटमध्ये जुन्या टॅटूवर चेहरा काढायचाच नसतो. चेहरा त्याच्या शेजारच्या कोऱ्या कातडीवर बसवायचा आणि जुनी शाई चित्रातल्या अंधारात बुडवायची. केस, दाढी, पगडी, मानेखालची सावली, काळा कोट, पदराच्या घड्या, मागची भिंत, जिथे चित्रालाच काळोख हवा असेल तिथे. डिझाइन करणं म्हणजे नव्वद टक्के हा अंधार शोधणं. सुई नंतर येते.

शोधायचं कसं, तर आधी जुनी शाई किती गडद आहे ते मोजायचं. मी दिवसाच्या उजेडात फ्लॅश न लावता दंडाचा फोटो काढतो आणि तो कृष्णधवल करतो. रंग गेला की फसवणूक जाते. मग शून्य म्हणजे पांढरा कागद आणि दहा म्हणजे गडद काळं, अशा मापात प्रत्येक भागाला आकडा देतो. त्या चार अक्षरी नावाची अक्षरं सहाच्या आसपास होती, शिरोरेघ सातच्या पुढे. जत्रेतला माणूस रेघ ओढताना सुई दोन-तीनदा पुढेमागे फिरवतो, म्हणून देवनागरी नावांत शिरोरेघ नेहमी सगळ्यात खोल आणि काळी असते. माझा ठोकताळा असा की जिथे जुनी शाई सहाची आहे तिथलं नवं चित्र किमान आठचं हवं. बरोबरीचं चालत नाही, कारण जुन्याची हिरवट झाक आणि नव्याचा शुद्ध करडा शेजारी आले की डोळा दोन्ही वेगळे ओळखतो.

आणि आपल्या कातडीचा स्वतःचा एक आकडा असतो, हे विसरायचं नाही. परदेशी गोऱ्या कातडीवरचे नमुने बघून लोक येतात. तिथे मोकळी कातडी एक-दोनवर असते, त्यामुळे चेहऱ्याला आठ-नऊ पायऱ्या मिळतात. सावळी कातडी स्वतःच चारच्या घरात. म्हणजे अख्खा चेहरा चार ते दहा एवढ्याच जागेत बसवायचा, आणि जुनी पुसट शाई नेमकी त्या जागेच्या मधोमध येऊन बसलेली. म्हणून सावळ्या कातडीवर कमी पायऱ्या आणि ठसठशीत उजेड-अंधार असलेलं चित्रच घ्यावं. नाजूक, धूसर छटांचं पोर्ट्रेट कितीही आवडलं तरी ते बरं झाल्यावर मळकट दिसतं. सावळेपणात काही कमी आहे असा याचा अर्थ बिलकूल नाही. अशा कातडीवर खरं काळं जे खुलतं ते फार देखणं असतं, फक्त चित्र तिच्यासाठी निवडायला लागतं.

आता आबांकडे परत. तसबिरीतला फोटो स्टुडिओतला होता, समोरून सपाट उजेड, सावली कुठेच नाही. त्यात स्टुडिओवाल्याने चेहरा गुळगुळीत करून गोरा केलेला. पांढरी टोपी, पांढरा सदरा, फिकट निळा पडदा. अंधाराला जागाच नव्हती. मी त्याला सांगितलं की याच्यावरून काम होणार नाही, घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये शोध. लग्नातले, शेतातले, कसेही. सजवलेले नकोत.

आठ दिवसांनी त्याच्या पुतण्याच्या मोबाइलमध्ये सापडला. थंडीतली सकाळ, आबा बांधावर बसलेले, नजर जरा खाली, डाव्या बाजूने कोवळं ऊन. डोक्यावर तीच टोपी, पण खांद्यावरून छातीवर आलेली काळी घोंगडी. झूम करूनही डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मोजता येत होत्या. मला त्या घोंगडीत नाव ठेवायची जागा दिसली.

मी दंडावर पारदर्शक कागद ठेवून नावाची बाह्यरेषा जशीच्या तशी उतरवून घेतली, तिरकेपणासकट. नाव सात सेंटिमीटर लांब, दोन-अडीच सेंटिमीटर उंच, उजवीकडे किंचित चढलेलं. टॅबलेटवर आबांच्या फोटोवर तो थर ठेवला आणि खालचा फोटो सरकवत, फिरवत, लहानमोठा करत बसलो. या कामाला कधी एक तास लागतो, कधी दोन दिवस. आबा दोन बोटं वर सरकवले तेव्हा हनुवटी नावाच्या वर मोकळ्या कातडीवर आली आणि अख्खं नाव घोंगडीत गेलं. मग फोटो थोडा कलता केला. घोंगडीची एक मोठी घडी आबांच्या उजव्या खांद्यावरून तिरकी उतरत होती, ती बरोबर शिरोरेघेवर आणून बसवली. सगळ्यात काळी जुनी रेघ आणि चित्रातली सगळ्यात काळी सावली एकाच जागी आल्या.

अक्षरं मात्र फक्त काळ्यात टाकून लपत नाहीत. आपला डोळा अक्षरं शोधण्यात फार तरबेज असतो, आणि लिपी ओळखीची असेल तर अर्ध्या काना-मात्रेवरूनही वाचतो. म्हणून कान्यांच्या उभ्या रेघांना छेद देणारे लोकरीचे धागे आडवे-तिरके काढायचे, कुठे दशा लोंबत्या ठेवायच्या. एकसंध काळा ठोकळा केला असता तर पाच वर्षांनी त्यातून नाव हळूहळू वर आलं असतं. धाग्यांच्या गर्दीत डोळ्याला धरायला अक्षराची कड सापडत नाही. बदाम लाल होता, त्याची काळजी नव्हती. फिकट लाल काळ्यात विरून जातो.

राहिली पांढरी टोपी. ती पांढरी कशी करायची, जेव्हा पांढरं वापरायचंच नाही? टोपीची उन्हाकडची बाजू तशीच कोरी सोडली आणि तिच्या मागे गडद पार्श्वभूमी चढवली. शेजारच्या काळ्यामुळे सावळी कातडीही पांढऱ्या कापडासारखी दिसते. टोपीच्या दुसऱ्या बाजूला घडीची एक करडी सावली, बस.

नाव सात सेंटिमीटरचं आणि चित्र झालं एकोणीस सेंटिमीटर उंच, बारा रुंद. "एवढं मोठं?" हे सगळेच विचारतात. जुन्यापेक्षा दुप्पट-तिप्पट जागा लागतेच, कारण जुनं ज्या अंधारात लपवायचं तो अंधार चित्राचा एक कोपरा असायला हवा, अख्खं चित्र नव्हे. शिवाय चेहरा तळहातापेक्षा लहान काढू नये असं मी मानतो. शाई वर्षांगणिक थोडी थोडी पसरते. नखाएवढा डोळा आज नीट दिसेल, दहा वर्षांनी तो एक डाग असेल.

सगळ्याच चेहऱ्यांत अंधार सारखा नसतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं पोर्ट्रेट मागणारे खूप जण येतात, आणि त्यात दाढी, कल्ले, जिरेटोपाखालची सावली असा भरपूर काळोख मिळतो. महाराजांना मी पायावर काढत नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. आईच्या चेहऱ्यात अंबाडा, डोक्यावरून घेतलेला पदर आणि कानामागची जागा उपयोगी पडते. तान्ह्या मुलाचा चेहरा मात्र कव्हर-अपसाठी मी घेतच नाही. बाळाच्या चेहऱ्यावर सावली नसते, सुरकुत्या नसतात, केस विरळ. तिथे अंधार ओढून आणला की बाळ म्हाताऱ्यासारखं दिसतं, आणि आईबापांच्या दंडावर ते जन्मभर राहतं.

चित्र ठरवण्याआधी आणखी एक तपासणी लागते, ती बोटाने. डोळे मिटून जुन्या टॅटूवरून बोट फिरवायचं. रेघ हाताला लागते का? मग खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च दंडाला समांतर धरायचा. उंचवटा असेल तर त्याची सावली पडते. हा व्रण आहे, कारण कुणीतरी सुई गरजेपेक्षा खोल घातली. शाई रंग झाकते, उंचवटा झाकत नाही. अशा जागी गुळगुळीत काहीही, म्हणजे गाल, कपाळ, रेशमी पदर, ठेवलं की उन्हात उंचवटा चमकतो. लोकर, दाढी, केस, झाडाची साल अशा खडबडीत गोष्टीच तिथे शोभतात. आबांच्या मुलाची शिरोरेघ बोटाला चांगलीच लागत होती. घोंगडी निवडण्याचं ते दुसरं कारण.

प्रत्यक्ष कामात मी एक क्रम पाळतो. नेहमीच्या पोर्ट्रेटमध्ये बरेच जण डोळ्यांपासून सुरुवात करतात, कव्हर-अपमध्ये मी जुन्या शाईवरच्या काळ्यापासून करतो. ती जागा झाकायला किती गडद लागतंय हे एकदा कळलं की बाकी चेहऱ्याच्या छटा त्या मानाने बांधता येतात. आधी हलका चेहरा काढला आणि मग खाली गच्च काळी घोंगडी आली, तर चेहरा अंगावेगळा, चिकटवल्यासारखा दिसतो. शाईच्या चार वाट्या असतात: एक शुद्ध काळी, बाकी तीन डिस्टिल्ड वॉटरने कमी-जास्त पातळ केलेल्या. सावलीला मॅग्नम, म्हणजे दोन ओळींत बसवलेल्या सुयांचा चपटा गुच्छ. लोकरीच्या धाग्यांना आणि भुवयांना तीन सुयांचा गोल गुच्छ. जुन्या शाईवर जोर काढण्याचा मोह होतो, तो आवरावा लागतो. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुई फिरवली की कातडी फाटल्यासारखी होते, शाई धरत नाही आणि वर नवा व्रण देते. पहिली बैठक साडेपाच तास चालली. त्या दिवशी नाव शंभर टक्के गेलेलं दिसत होतं.

त्या दिवसावर विश्वास ठेवायचा नसतो. ताज्या टॅटूत काही शाई वरच्या थरातही असते, त्यामुळे काळं भरगच्च दिसतं. दोन-तीन आठवड्यांत तो थर झडतो, करड्या छटा एक-दीड पायरी उजळतात आणि जुनी शाई कुठे कुठे डोकं वर काढते. हे काम बिघडल्याचं लक्षण नाही. म्हणून मी आधीच सांगतो की दोन बैठका धरा, मध्ये सहा ते आठ आठवडे. तोवर खपली काढायची नाही, विहिरीत-तलावात पोहायचं नाही, ऊन लागू द्यायचं नाही. हळद-बिळद काही लावू नका.

जुनी शाई इतकी काळी, इतकी पसरलेली असेल की कुठल्याच अंधारात मावत नाही, तेव्हा आधी लेझर. टॅटू पूर्ण घालवायला बरीच सत्रं लागतात, पण कव्हर-अपसाठी घालवायचा नसतोच, सातवरून पाचवर आणायचा असतो. त्याला अनेकदा दोन-तीन सत्रं पुरतात. काळ्या शाईसाठी १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर वापरतात. आपल्या कातडीसाठी तो बरा, कारण या तरंगलांबीचा उजेड मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, कमी शोषतं, त्यामुळे पांढरे डाग पडण्याचा धोका कमी होतो, जात नाही. हे काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करायचं. पार्लरमध्ये स्वस्तात करून डाग आणि व्रण घेऊन आलेले लोक मला भेटलेत आणि त्यांच्यासाठी मला फारसं काही करता आलं नाही. आधी पांढरी शाई घातलेली असेल तर डॉक्टरांना न विसरता सांगा. लेझरने टायटॅनियम डायऑक्साइड उलट काळं पडू शकतं. आणि लेझरनंतर निदान दोन-तीन महिने कातडी शांत होऊ द्या.

कव्हर-अप फसलं तर त्यावर आणखी एक कव्हर-अप, हा रस्ता जवळपास बंद असतो. तिथे दोन टॅटूंची शाई भरलेली असते आणि तिसऱ्याला गडद व्हायला जागाच उरत नाही. टॅटू घालवायला लेझरची किती सत्रं लागतील याचा अंदाज बांधण्यासाठी डॉक्टर २००९ पासून कर्बी-देसाई मोजपट्टी वापरतात. तिच्यात टॅटूवर टॅटू असेल तर वेगळे गुण वाढतात, म्हणजे घालवणंही तितकंच लांबतं. म्हणून घाई करून मिळेल त्याच्याकडे जाऊ नका. कामाचे फोटो बघताना ताजे बघू नका, वर्ष-दोन वर्षं झालेले, बरे झालेले मागा. आणि आधी-नंतरचे दोन्ही.

काही जणांना मी परत पाठवतो. दंडावर तीळ असेल तर तो झाकू देत नाही. तिळाचा रंग, आकार बदलला तर दिसायला हवा. जखमेनंतर गाठीसारखा व्रण वाढण्याची प्रवृत्ती असेल, साखर आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टर. आणि भरतीची तयारी करणारी पोरं. सैन्यदलाच्या नियमांत टॅटूला परवानगी आहे ती हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांच्या रूढींना वेगळी सवलत आहे. दंडावरचं नाव झाकून तिथे मोठा चेहरा काढल्याने अडचण वाढते. त्या मुलांना मी सुई लावत नाही, सरळ लेझरच्या डॉक्टरांकडे पाठवतो आणि भरतीची जाहिरात नीट वाचायला सांगतो.

आबांचा मुलगा आठ आठवड्यांनी आला. खिडकीशी उभं करून बघितलं. चेहरा छान बसला होता. टोपी खरंच पांढरी दिसत होती, खाली झुकलेल्या पापण्यांत बांधावरचं ऊन उतरलं होतं. घोंगडीत, घडीच्या उजव्या टोकाला, शिरोरेघेचा तीनेक सेंटिमीटरचा तुकडा निळसर होऊन वर आला होता. नाव वाचता येत नव्हतं, पण मला माहीत होतं म्हणून दिसत होतं, आणि त्यालाही दिसत होतं. दोन तास बसलो. त्या तुकड्यावर शुद्ध काळ्याचा आणखी एक थर, त्याला छेदणारे सात-आठ धागे, आणि घडीची कड जरा पुढे ओढली. कानामागची सावलीही थोडी वाढवली, म्हणजे खालचा काळा एकटा पडणार नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी तो आईला घेऊन आला होता, दाखवायला. आईने चष्मा लावून आधी चेहरा पाहिला, मग घोंगडीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "इथं खरबरीत कसं लागतंय?" जुनी रेघ अजून बोटाला लागत होती. तो म्हणाला, "घोंगडी हाय ना आई ती."

तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं.